कमी पैशांत हॅम रेडिओ : आधी कान, मग तार, मग यंत्र

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. सगळं आयुष्य वायरमनकीत गेलं. पण सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, "काका, गच्चीवर तुमची ती तार कशाला आहे, हे एकदा सगळ्यांना सांगाच." म्हणून उभा राहिलो.

सुरुवात २६ जुलै २००५ पासून करतो. त्या दिवशी हिंदमाताला कमरेइतकं पाणी होतं, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. माझी मुलगी अंधेरीला नोकरीला होती. संध्याकाळपासून तिचा मोबाईल लागेना, ऑफिसचा फोनही लागेना. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे एकाच शहराच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाची अवस्था माहीत नव्हती. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आली. पाय सुजलेले, चपला हातात. तिची आई रात्रभर खिडकीत उभी होती आणि मी, ज्याने जन्मभर लोकांच्या घरात तारा ओढल्या, तो नुसता रिसीव्हर उचलून ठेवत होतो.

त्यानंतर मी चौकशी करू लागलो, की फोन बंद पडला तर माणसाने बोलायचं कसं? उत्तर मिळालं : हॅम रेडिओ. मराठीत हौशी रेडिओ. स्वतःचं यंत्र, स्वतःची एरियल, मधे कुठली कंपनी नाही, टॉवर नाही आणि महिन्याचं बिल नाही.

हा छंद साहेबांचा, पैसेवाल्यांचा, असं मलाही वाटायचं. पण इथून बसने अर्ध्या तासावर गिरगाव आहे. १९४२ च्या चळवळीत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो याच भागात, जागा बदलत बदलत. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांचा छापा पडला आणि तो थांबला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले होते. तरी तो ट्रान्समीटर उभा राहिला तो नरिमन प्रिंटर या मुंबईच्याच जुन्या हॅमच्या हातून. त्या केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. हिशेब केलात तर ती येते सात मेगाहर्ट्झच्या जरा वर. आज आम्ही हौशी लोक सकाळी ज्या पट्ट्यावर गप्पा मारतो, तोच हा पट्टा. त्याला आम्ही 'चाळीस मीटर' म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो. सुरुवात कशी करायची आणि खिशाला परवडेल अशी कशी करायची?

पहिली गोष्ट, काही विकत घेऊ नका. आधी ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुला आहे. मोबाईलवरून तो आपण फिरवू शकतो. महिनाभर रोज पंधरा मिनिटं ऐका. सुरुवातीला बदकं भांडताहेत असं वाटेल. ट्यूनिंग नीट लागलं की त्याच आवाजातून माणूस बोलू लागतो. तो क्षण आवडला तरच पुढे जा. नाही आवडला तर तुमचा एक रुपयाही गेला नाही.

आणखी पुढे जायचं तर पेन ड्राइव्हएवढा एसडीआर डोंगल मिळतो. तो लॅपटॉपला लावायचा. त्यातली मूळ चिप टीव्हीसाठी बनलेली, म्हणून स्वस्त. तो फक्त ऐकतो, बोलत नाही. त्याला साधारण एकोणपन्नास सेंटिमीटरची ताठ तार लावून मी याच गच्चीवरून अंतराळ स्थानकावरचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकलाय. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आणि आपल्या डोक्यावर असतं फार तर दहा मिनिटं. त्या दिवशी 'बी' विंगमधली तीन पोरं माझ्याबरोबर होती. त्यांनी खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, की काकांना अंतराळातून फोन येतो!

दुसरी गोष्ट, परवाना. ही पायरी गाळायची नाही. परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी दिसतात, पोरांना मोह होतो. परवाना हातात येईपर्यंत थांबा. वय बारा पूर्ण हवं. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, तिच्यात थोडं वीजशास्त्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. मी घेतला तेव्हा वीस वर्षांची परवाना फी हजार रुपये होती, म्हणजे वर्षाला पन्नास. पैसे कमी लागतात, धीर मात्र लागतो. माझी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वर्षाहून जास्त लागलं. तेवढ्यात मी पुढची तयारी केली.

तिसरी गोष्ट, तार. नवे लोक सगळे पैसे यंत्रात घालतात आणि एरियलला काही उरत नाही. उलटं करा. साधं गणित आहे : १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, एरियलची मीटरमधली लांबी मिळते. ७.१ साठी वीस मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. आपली गच्ची तेवढी लांब नाही. म्हणून मधला भाग टाकीच्या वरच्या पाइपला बांधला आणि दोन्ही टोकं खाली उतरवली, उलट्या व्हीसारखी. घरातल्या वायरिंगची उरलेली तार, टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे. खाली आणायला केबलवाल्याची जुनी केबल, जी डिश आल्यावर आपल्याच जिन्यात लोंबकळत होती. सगळा खर्च पाचशेच्या आत. पावसाळ्यात ढग गडगडले की केबल काढून ठेवायची, हे मात्र विसरायचं नाही.

चौथं आणि शेवटचं, यंत्र. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बीआयटीएक्स नावाचं यंत्र रचलं आणि त्याचा नकाशा सगळ्यांना मोकळा करून दिला. साधे, बाजारात मिळणारे ट्रान्झिस्टर. कॉइल गुंडाळायला तर त्यांनी नळाचं वायसर वापरलं! मी लॅमिंग्टन रोडला दर शनिवारी चकरा मारून सुटे भाग जमवले. आठ महिने लागले. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा नुसता धूर आला. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा, एका रविवारी सकाळी, सोलापूरचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "मुंबई, तुमचा आवाज बारीक आहे, पण स्पष्ट आहे." माझी पॉवर होती देवघरातल्या झिरोच्या बल्बाहून कमी. मी बायकोला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी आली, ऐकलं आणि म्हणाली, "त्या रात्री हे असायला हवं होतं."

आता थोडं आपल्या सोसायटीविषयी. मी गच्चीची परवानगी मागितली तेव्हा वार्षिक सभेत दीड तास चर्चा झाली. कुणी म्हणालं कॅन्सर होईल, कुणी म्हणालं वीज पडेल, कुणी म्हणालं मालिका दिसणार नाही. पहिल्या वर्षी नकार मिळाला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण चूक माझीही होती. मी कागद दिला होता, समजावलं नव्हतं. पुढच्या वर्षी यंत्रच सभेत आणलं, झिरोचा बल्ब शेजारी ठेवला आणि सगळ्यांना ऐकवलं. जे सर्वांत जास्त विरोधात होते, त्यांनीच शिडी धरली.

एक शेवटची गोष्ट. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती पोर्ट ब्लेअरला निव्वळ हौसेखातर एरियल लावून बसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. अंदमानातून लोकांची खुशाली बाहेर कळवायला तीच यंत्रं उपयोगी पडली. का? तर ती आधीपासून चालू होती आणि चालवणाऱ्यांचा हात बसलेला होता. संकट आल्यावर पुस्तक उघडून हे जमत नाही.

म्हणून माझी दोन मागण्या आहेत. टाकीमागचा तो कोपरा पोरांसाठी कायम ठेवा. आणि या वर्षी आपल्या इमारतीतल्या निदान दोन मुलांनी परीक्षेला बसावं. दर रविवारी दहा वाजता मी शिकवेन, फी चहा. माझं वय झालं, पुढच्या २६ जुलैला मी जिना चढू शकेनच असं नाही. तार आहे, यंत्र आहे. ते वाजवणारा हात हवा.

आमच्यात निरोप घेताना '७३' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. सगळ्यांना ७३. जय महाराष्ट्र!