सामाईक विहिरीचं भांडण



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न येतो : "चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात घालायचा का हो?" नका घालू. त्यावर लिनक्स चढवा. पण टॅली किंवा तसलं एखादं काम विंडोजवाचून अडत असेल, तर तेही राहू द्या, फक्त इंटरनेटपासून लांब. दोघं एका डिस्कवर नांदतात. कसे, ते आज पाहू.

वाटणी म्हटली की आपल्याला मधली भिंत दिसते. डिस्कवर भिंतबिंत काही नसते. असतो तो सातबारा : अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत कोणाचा हिस्सा, एवढं लिहिलेला छोटा तक्ता. जुन्या एमबीआर पद्धतीत सगळा कारभार पहिल्या ५१२ बाइटांत उरकायचा. त्यातले ४४६ बाइट यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट चार हिश्श्यांच्या नोंदींना आणि उरलेले २ सहीशिक्क्याला. आताच्या जीपीटीत सहसा १२८ नोंदी मावतात, शिवाय उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. म्हणून एखादा हिस्सा चुकून उडाला तर घाबरून त्या जागी काही लिहू नका. नोंद गेलेली असते, जमीन बहुधा जागच्या जागी असते.

आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. मग विंडोजचा हिस्सा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आकसून घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स बसवायचं. पन्नासेक जीबी सुरुवातीला पुरतात. हे काम सोपं आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

पण गावाकडं तुम्ही पाहिलं असेल, वाटणी झाल्यावर भाऊ शेतावरून फारसे भांडत नाहीत, सामाईक विहिरीवरून भांडतात. इथंही जे वाटता येत नाही तिथंच खटका उडतो.

पहिलं सामाईक म्हणजे दार. एमबीआरच्या काळात दाराला एकच कडी होती. विंडोज नंतर बसवलं की ते ४४६ बाइट आपल्या नावावर करून घ्यायचं आणि लिनक्स आत असूनही दिसायचं नाही. म्हणून 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा शिरस्ता पडला. यंत्र सुरू करायची यूईएफआय ही नवी पद्धत आल्यावर दाराशी एक लहानसा स्वतंत्र हिस्सा आला. त्यात प्रत्येकाचं वेगळं फोल्डर असतं, आणि ग्रब नावाचा दारवान विचारतो, कोणाकडे जायचंय?

या दाराशी मीही ठेचकाळलोय. भाच्याच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट हा दारावरचा पहारा बंद केला आणि विंडोज उघडायला गेलो, तर निळ्या पडद्यावर बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ आकडी किल्ली मागितली गेली. ती आधी उतरवून घ्यायला मी विसरलो होतो. भाच्याच्या खात्यात सापडली म्हणून निभावलं. आकडे तो वाचत होता, मी टाइप करत होतो. दोनदा चुकलो.

दुसरी गोष्ट झोपेची. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. आपण 'शट डाउन' म्हणतो, पण विंडोज पुरतं बंद होत नाही, आतला गाभा डिस्कवर उतरवून झोपतं. अशा वेळी लिनक्सनं त्याच्या हिश्श्यात लिहिणं धोक्याचं. म्हणून ते बहुधा तिथलं फक्त वाचू देतं, आणि लोक म्हणतात फाइल सेव्ह होत नाही. फास्ट स्टार्टअप बंद करून टाका.

तिसरं घड्याळ, आणि हा माझा आवडता घोळ. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. विंडोज मानतं, त्यात आपली स्थानिक वेळ आहे. लिनक्स मानतं, जागतिक प्रमाणवेळ आहे. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. लिनक्सनं वेळ नीट लावून दिली, की विंडोज तेवढंच मागं जातं. उपाय एका ओळीचा : लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेनं स्थानिक वेळ पाळायला सांगायचं.

ती ओळ लिहिण्याआधी मी लॅपटॉप भाच्याच्या हाती दिला. रात्रीचे नऊ वाजले होते, पानं वाढली होती. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं आणि म्हणाला, "मामा, अजून साडेतीनच वाजलेत. जेवायची एवढी घाई कशाला?"