गोणपाटावर शिवलेल्या गोष्टी
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



आपल्यातल्या बहुतेकींना गोधडी शिवता येते. म्हणून आज तुम्हाला दूरच्या चिली देशातल्या बायांचं शिवणकाम सांगते. हा देश दक्षिण अमेरिकेत आहे.

तिथं सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करानं सरकार उलथवलं. पिनोशे नावाच्या सेनापतीचं राज्य आलं. घरातनं माणसं उचलून नेली, त्यातली कित्येक परत आलीच नाहीत. नवऱ्याला, लेकाला शोधत बाया तुरुंगांच्या दारात हिंडायच्या. तिथंच त्यांच्या ओळखी झाल्या. पुढं राजधानी सांतियागोमध्ये चर्चच्या आधारानं त्या एकत्र बसून शिवू लागल्या. कमावता माणूस गेलेला, चूल पेटवायची होती. नुसती हौस नव्हती ती.

गोणपाटाचा तुकडा घ्यायचा, त्यावर चिंध्यांचं चित्र शिवायचं. मागं डोंगर, वर सूर्य, खाली घरं आणि चिंध्यांच्याच छोट्या बाहुल्या. बघायला सगळं रंगीत. नीट पाहिलं की कळतं, ती बाहुली हरवलेल्या माणसाचा फोटो धरून उभी आहे! कुणी तर त्याच माणसाचा जुना कपडा कापून वापरायची. कधी पाठीमागं बारीकसा खिसा असायचा, त्यात बाईच्या हातची चिठ्ठी.

हे तुकडे गुपचूप परदेशी जायचे, विकले जायचे. बायांना चार पैसे मिळायचे. तिकडच्या लोकांना त्यांची भाषा येत नव्हती, पण चित्र वाचता यायचं. पुढं उत्तर आयर्लंडमध्येही असंच झालं. तिथं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात अनेक वर्षं रक्तपात झालेला. तिथल्या बायांनी हे तुकडे पाहून आपापल्या गोष्टी शिवल्या.

आता आपलं. आपल्या संघात तांड्यावरच्या आहेत, मोहल्ल्यातल्या आहेत, गावठाणातल्या आहेत. कर्जाच्या हप्त्यावर आपण तासभर बोलतो. पण चहाला? ज्या त्या आपापल्या घोळक्यात. शेजारणीचं माहेर कुठलं, हेसुद्धा ठाऊक नसतं.

म्हणून सगळ्यांनी मिळून एक मोठी गोधडी शिवू. प्रत्येकीचा वीतभर चौकोन, त्यात तिची गोष्ट. तांड्यावरच्या आरसे लावतील, कुणी नुसता धावदोरा घालेल. शेजारी मात्र दुसऱ्या वस्तीतली बसवायची, हा माझा हट्ट आहे. काय शिवायचं ते जिचं तिनं ठरवायचं. दुःखच शिवायला हवं असं नाही. पहिली शेळी घेतली, तीही गोष्टच की! आणि 'गरीब बाईची कहाणी' अशी पाटी लावून माल खपवणं मला पटत नाही. गोधडी विकायची की संघात ठेवायची, ते झाल्यावर सगळ्या मिळून ठरवू.

पुढच्या बैठकीला येताना जुन्या लुगड्याचा, ओढणीचा तुकडा आणा. सुई-दोरा संघाकडनं मिळेल. चष्मा लागत असेल तर तोही विसरू नका.