आभासी सृष्टि : डोळ्यांची फसगत आणि तिचा उपयोग

एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवूं गेल्यास दोरा सुईच्या अलीकडे आहे कीं पलीकडे, हेंच उमगत नाहीं. मनुष्याच्या दोन डोळ्यांत सुमारें सहा सेंटिमीटर अंतर असतें. त्यामुळें प्रत्येक डोळ्यास तीच वस्तु किंचित् निराळी दिसते. मेंदू या दोन चित्रांचा मेळ घालतो व त्यांतून खोलीची जाणीव होते. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं स्टिरिओस्कोप या यंत्राच्या साह्यानें हें दाखवून दिलें. कागदावरील दोन सपाट आकृति दोन डोळ्यांस वेगवेगळ्या दाखवितांच त्या घनाकार भासल्या.

आज व्हर्च्युअल रिॲलिटी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आभासी सृष्टीचा पाया हाच होय. परंतु खोली आली तरी चित्र तें चित्रच. मान वळविली कीं भ्रम सरतो. ही उणीव दूर करणारें यंत्र आयव्हन सदरलँड यांनीं १९६८ सालीं अमेरिकेंत सिद्ध केलें. तें छतापासून टांगून डोक्यावर बसवीत. मान वळे तसतशीं गणकयंत्र नवीं रेखाचित्रें डोळ्यांपुढें मांडी. आजच्या शिरोयंत्रांत हें काम सूक्ष्म गतिमापकें व कॅमेरे करितात, आणि सेकंदास नव्वदच्या आसपास चित्रें बदलतात.

तरीहि एक साक्षीदार फितत नाहीं. कानाच्या आंत तोल सांभाळणारें एक इंद्रिय आहे. आभासी झोपाळ्यावर डोळे सांगतात, 'हालचाल चालू आहे'. कान सांगतो, 'शरीर स्थिर आहे.' घाटांतून जातांना मोटारींत वाचन करणारास मळमळतें, तेंहि अशाच बेबनावामुळें.

मग या फसगतीचा उपयोग काय, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. भाजलेल्या रुग्णाची जखम धुतांना होणाऱ्या वेदना असह्य असतात. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनीं अशा रुग्णांसाठीं 'स्नोवर्ल्ड' ही बर्फाची सृष्टि उपयोगांत आणिली. रुग्ण हिमदरींतून जात बर्फाचे गोळे फेंकतो आणि इकडे परिचारिका आपलें काम उरकते. नेहमींच्या औषधांच्या जोडीला हा उपाय योजिला असतां वेदना कमी जाणवल्याचें रुग्णांनीं सांगितलें. जखम तीच असते. परंतु वेदनेलाहि मनाचें अवधान लागतें, आणि तें अवधान तेवढा वेळ बर्फांत गुंतलेलें असतें.