ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि विद्युत्दाब

(वरळी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हांस विषयाची मोकळीक दिली होती. शिक्षण, हुंडा, वसतिगृह या विषयांवर अधिकारी वक्ते येथे बोलतच असतात. आम्ही मात्र संगणकातील ग्राफिक्स कार्डावर बोलणार आहोत. गेल्या दोन वर्षांत सभासदांच्या घरांतून आमच्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या वस्तूंत जळालेली कार्डे बरीच होती, आणि बहुतेक कार्डांमागे कोणाच्या वडिलांचा बोनस किंवा कोणाच्या आईची भिशी होती.

मुलांना ओढ कशाची, हे आम्ही जाणतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या वरळीतच, एन. एस. सी. आय. च्या डोममध्ये, डोटा २ या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. असा सोहळा पाहून आलेल्या तरुणाला घरचा संगणक मंद वाटू लागला तर नवल नाही. नवे कार्ड घेण्याची ऐपत नसते. मग आहे त्याच कार्डाला पळविण्याची युक्ती तो शोधतो. यात वावगे काही नाही. १९९८ साली इंटेलचे सेलेरॉन ३००ए नावाचे स्वस्त चिप मिळे. त्याच्या मार्गाचा ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचे चिप ४५० वर चाले, आणि पुष्कळदा विनातक्रार चाले. जगभरच्या हौशी मंडळींना या नादाची गोडी लागली ती मुख्यतः अशा अनुभवांमुळे.

परंतु येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी गिरणीत रिंगखात्यात दिवस काढले, त्यांना या प्रकरणाची दुसरी बाजू सांगावयास नको. चात्यांचा वेग वाढविला की सूत अधिक निघते. पण एका मर्यादेपलीकडे धागेच इतके तुटतात की सांधण्यातच पाळी सरते. चिपचेही तसेच. प्रत्येक ठेक्याच्या आत आतील संकेत मुक्कामी पोहोचावा लागतो. ठेका फार जलद झाला की तो पोहोचत नाही, हिशेब चुकतो, पडद्यावर ठिपके दिसू लागतात. दाब वाढविला की संकेत लवकर पोहोचतो. म्हणून वेगामागोमाग दाबाचा मोह येतो.

आता थोडे गणित. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के आणि दाबही दहा टक्के वाढविला, तर १.१ चा घन, म्हणजे सुमारे १.३३ पट वीज लागते. २०० वॉटचे काम २६६ वॉटवर जाते, आणि पदरात पडणारा लाभ सहसा दहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय तापलेले चिप अधिक वीज गळू देते, त्यामुळे ते आणखी तापते. उच्च दाब, प्रवाह व उष्णता यांनी आतील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू हळूहळू सरकू लागतात. ही झीज डोळ्यांना दिसत नाही.

नवी कार्डे स्वतःच तापमान पाहून वेग उतरवितात आणि दाबालाही मर्यादा ठेवतात. ती मर्यादा ओलांडण्याकरिता काहीजण वीज मोजणाऱ्या रोधावर तेवढाच दुसरा रोध डाखतात. तेथील एकूण रोध निम्मा होतो आणि कार्डाला आपण निम्मीच वीज खातो असे वाटते. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखेच हे! बारा व्होल्टवर ६०० वॉट घ्यावयाचे म्हणजे ५० अँपिअर प्रवाह. २०२२ साली काही नव्या कार्डांच्या जोडण्या कोणी काहीही फेरफार न करता वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हे ध्यानात असू द्यावे.

हे सांगण्याचा अधिकार आम्हांस कसा आला, तेही सांगितले पाहिजे. २००४ च्या पावसाळ्यात आमचे थोरले बंधू घरी संगणकावर इमारतींची चित्रे करून देत. दोन महिन्यांची कमाई घालून त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणले होते. दाब राखणाऱ्या भागाजवळच्या एका बारीक रोधावर शिसपेन्सिल घासली की त्याचा रोध उतरतो, नियंत्रकाला दाब कमी झाल्याचा भास होतो आणि तो दाब वाढवितो, एवढे ज्ञान आम्हांस झाले होते. बंधू निजल्यावर आम्ही पेन्सिल घासली. मीटरवर एक दशांश व्होल्ट चढले. तीन रात्री आम्ही मोठ्या दिमाखात खेळलो. शिशाचा थर काही पक्क्या रोधाप्रमाणे स्थिर राहत नाही, ही गोष्ट आमच्या ज्ञानात नव्हती. चौथ्या दिवशी बंधू काम करीत असता पडद्यावर चौकटींची नक्षी उमटली आणि खोलीत करपल्याचा वास पसरला. दुसऱ्या सकाळी चित्रे द्यावयाची होती. ते भर पावसात दादरला मित्राकडे गेले आणि रात्रभर बसले. काम पुरे झाले नाही. त्या गिऱ्हाइकाने पुन्हा काम दिले नाही, हे वहिनींकडून पुढे कळले. बंधूंनी स्वतः आम्हांस एका शब्दानेही विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : ज्या यंत्रावर घरातल्या कोणाची भाकरी अवलंबून आहे त्यावर डाखणी चालवू नये. हौस असेल तर जुने, टाकाऊ कार्ड घ्यावे, आधी मीटर धरावयास शिकावे आणि हमी संपते हे पालकांना सांगून मग हात घालावा. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांचे प्रयोग तर आपल्या दमट किनाऱ्यावर अधिकच जोखमीचे. दव धरते आणि पाणी नेमके नको तेथे उतरते.

खरी कसरत उलट दिशेची आहे. तोच वेग ठेवून दाब दहा टक्के उतरला, तर चिपची वीज जवळजवळ एकपंचमांशाने घटते. सगळी चिपे एकसारखी नसतात. एखादे हे सोसते, एखादे नाही. थोडाथोडा दाब उतरवीत प्रत्येक पायरीवर तासभर परीक्षा घ्यावी. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत मे महिन्यात कार्डाची ऊब काय असते, हे तेथे वाढलेल्यांस ठाऊक आहे. आमच्या पुतण्याच्या कार्डावर आम्ही दोघांनी हा प्रयोग केला. पंख्याचा आवाज इतका उतरला की त्याच खोलीत निजणाऱ्या आमच्या मातोश्रींनी, यंत्र बंद पडले की काय, अशी पृच्छा केली.