पुढें काय झालें?

वेताळपंचविशींतील विक्रम राजा स्मशानांतल्या झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजाचें मौन सुटतें आणि प्रेत पुन्हां झाडावर जाऊन लोंबूं लागतें. हाच प्रकार अनेक वार घडतो, तरीहि ऐकणारा कंटाळत नाहीं. याचें कारण असें कीं, प्रेत तेंच असलें तरी प्रत्येक खेपेस कोडें नवें असतें. न्याय कोणाचा, दोष कोणाचा, त्याग कोणाचा मोठा, असा प्रश्न राजापुढें येतो आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून त्याची सुटका नसते. अलीकडे चित्रपटगृहांत आणि घरच्या पडद्यावर भयपटांचे दुसरे-तिसरे भाग एकामागून एक येत आहेत. त्यांतील पुष्कळांनीं या जुन्या गोष्टींतील प्रेत तेवढें उचललें आहे. कोडें झाडावरच राहिलें आहे.

भयपटाचा पहिला भाग बहुधा न दिसणाऱ्या गोष्टीवर उभा असतो. रात्रीं माळ्यावर खडखड झाली म्हणजे खालीं निजलेल्या मनुष्याच्या मनांत शंभर शंका येतात. कंदील घेऊन वर गेल्यावर मांजर दिसो कीं चोर दिसो, शंकेचें बळ तेथेंच संपतें. दुसऱ्या भागाची अडचण हीच आहे. कंदील आधींच लावून झालेला असतो. भुताचें नांव, त्याचें गांव, तें कशास भितें, हें सारें प्रेक्षकास तोंडपाठ असतें. मग निर्माते एकाच्या जागीं दहा प्रेतें मांडतात, आवाज दुप्पट करतात, रक्ताच्या घागरी ओततात. भाजीला चव नाहीं असें कळल्यावर मीठ न पाहतां तिखटच वाढवीत जाणाऱ्या आचाऱ्यासारखें हें होतें. प्रेक्षक दचकतो खरा. पण दचकणें आणि भिणें यांत फार अंतर आहे. पाठीमागून कोणीं टाळी वाजविली तरी मनुष्य दचकतोच.

२०१८ सालीं निघालेल्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाचा दुसरा भाग २०२४ च्या ऑगस्टमध्यें निघाला. दिग्दर्शक दोन्हींचे एकच, अमर कौशिक. गांवहि तेंच, मध्य प्रदेशांतील चंदेरी. पहिल्या भागांत रात्रीच्या वेळीं पुरुषांस उचलून नेणारी एक स्त्री होती आणि तिच्या धाकानें गांवांतले पुरुष दिवेलागणीनंतर घराबाहेर पडण्यास भीत. जें भय स्त्रियांच्या वाट्यास जन्मभर येतें तें चार रात्री पुरुषांच्या वाट्यास आलें, ही त्या कथेंतील खरी मौज. दुसऱ्या भागांत मस्तक नसलेला एक पुरुष येतो आणि नव्या विचाराच्या स्त्रियांस नाहींसें करूं लागतो. जिच्या भीतीनें गांव कांपत होतें तिचीच आतां गांवास गरज भासते. हें कोडें नवें आहे आणि चांगलें आहे. परंतु अखेरीकडे पाहुणे नट, दुसऱ्या चित्रपटांतील प्राणी आणि पुढील भागाची जाहिरात यांची इतकी गर्दी उसळते कीं, कोड्याचें उत्तर कोणी नीट ऐकूनच घेत नाहीं. वऱ्हाडी अधिक झाले म्हणजे वधूवरांसच पंगतींत जागा मिळत नाहीं, तसें हें झालें.

दुसरा भाग पहिल्याहून सरस ठरल्याचीं उदाहरणें थोडीं आहेत आणि त्यांत अग्रस्थान आजहि एका जुन्या अमेरिकन बोलपटास द्यावें लागतें. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. तीवरून जेम्स व्हेल या दिग्दर्शकानें १९३१ सालीं बोलपट काढला. प्रेतांचे अवयव जोडून एका शास्त्रज्ञानें मनुष्य घडविला आणि घडविल्यावर त्याच्याकडे पाठ फिरविली, अशी ती कथा. बोरिस कार्लोफ या नटानें त्या मुक्या जीवाचें काम केलें. एका तळ्याच्या कांठीं एक लहान मुलगी त्याच्याशीं न भितां खेळते. दोघें पाण्यावर फुलें सोडतात; तीं तरंगतात. फुलें संपतात. मुलगीहि तरंगेल असें समजून तो तिला उचलून पाण्यांत टाकतो. हा प्रसंग त्या काळच्या कात्रीनें कित्येक वर्षें अर्धवट ठेवला होता. गंमत अशी कीं, कापल्यामुळें तो अधिकच अमंगळ वाटे. कारण दृश्य मध्येंच तुटल्यानें त्याच्या हातून काय घडलें असेल याविषयीं प्रेक्षकाचें मन भलतीकडेच धांवे. पुढें तो प्रसंग मूळच्या जागीं बसविण्यांत आला. अखेरीस गांवकरी पवनचक्कीस आग लावतात आणि तो जीव आंत जळून गेला असें दिसतें.

१९३५ सालीं त्याच दिग्दर्शकानें 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' हा दुसरा भाग काढला. आरंभीं स्वतः मेरी शेली वादळी रात्रीं आपली कथा संपलेली नाहीं असें सांगते. तो भाग शोभेचा आहे. खरा आरंभ त्यानंतर होतो. चक्कीचे निखारे अद्याप विझलेले नाहींत, लोक घरोघर परतत आहेत, आणि एक मनुष्य तेथून हलण्यास तयार नाहीं. हा त्या बुडालेल्या मुलीचा बाप. मारेकऱ्याचीं हाडें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून त्यास झोंप येणार नाहीं. तो आंत जातो, खालच्या पाण्यांत पडतो, आणि जळाला म्हणून समजलेला तो जीव अंधारांतून पुढें येऊन त्याचा प्राण घेतो. वर उभी असलेली आई नवऱ्यास ओढून घेण्यासाठीं हात खालीं करते. तिच्या हातांत येतो तो दुसराच हात. भयपटांत मेलेल्यांची मोजदाद असते, त्यांच्या आईबापांची नसते. पहिल्या भागांतील एका लहान मुलीच्या घरीं पुढें काय झालें, हें विचारीत दुसरा भाग सुरू होतो, येथेंच त्याचें मोठेपण आहे. त्या दोघांचा अंत इतक्या घाईनें उरकावयास नको होता, हेंहि तितकेंच खरें.

मग रानांतील आंधळ्या वृद्धाची झोंपडी येते. वृद्ध व्हायोलिन वाजवीत असतो. जखमी जीव दाराशीं येतो, आणि ज्यास डोळे नाहींत तोच एकटा त्यास न भितां आंत घेतो, भाकरी देतो, चारपांच शब्द शिकवितो. कार्लोफ यांस त्या जीवानें बोलावें हें पसंत नव्हतें. मुकेपणांतच त्याची करुणा आहे असें त्यांचें मत. मत विचार करण्याजोगें आहे. तथापि शाळेंतल्या पहिल्या दिवसाच्या पोरानें पाटीवरचें अक्षर जपून वाचावें तसा तो एकेक शब्द उच्चारूं लागला म्हणजे तें मत बाजूस ठेवावें लागतें. पुढें डोळस लोक येतात, त्यास ओळखतात, बंदूक सरसावतात आणि झोंपडी पेटते. शेवटीं त्याच्यासाठीं प्रयोगशाळेंत एक वधू घडविली जाते. एल्सा लँचेस्टर या नटीची ही भूमिका पडद्यावर थोडींच मिनिटें आहे. तीहि त्यास पाहतांच किंकाळी फोडते. ज्या क्षणीं प्रेक्षकास राक्षसाची भीति वाटावयाची त्या क्षणीं त्याची कींव येते, आणि आपल्या पहिल्या भीतीविषयीं तो मनांत थोडा ओशाळतो.

यानंतरची कथा लवकर सांगून होण्यासारखी आहे. तिसरा भाग १९३९ सालीं निघाला; त्यापुढें कार्लोफ यांनीं त्या मालिकेंत ती भूमिका केली नाहीं. १९४३ सालीं त्या जीवाची गांठ लांडगा होणाऱ्या माणसाशीं घालून देण्यांत आली आणि १९४८ सालीं ॲबट व कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या मागें त्यास धांवावयास लावलें. सतरा वर्षांत शोकांतिकेचा नायक सोंगाड्यांच्या वगांत आला. तो फार्स हंसवितो, हें मात्र नाकारतां येत नाहीं.

भयपटांतील राक्षस जळाला तरी त्यास कोठें ना कोठें तळघर सांपडतें. कॅमेऱ्यापुढें खरोखर जगणाऱ्या माणसास ती सोय नाहीं. म्हणून 'पुढें काय झालें?' हा प्रश्न अनुबोधपटाच्या बाबतींत अधिक निकडीचा ठरतो. या देशांत खऱ्या घटनांचें चित्रण करण्यास हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं आरंभ केला. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती त्यांनीं टिपली. १९०१ सालीं रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, त्या स्वागताचेंहि त्यांनीं चित्रण केलें. परांजपे यांचें पुढें काय झालें तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. फर्ग्युसन कॉलेजच्या इतिहासांत तें नमूद आहे. त्या दोन मल्लांस मात्र दुसरा भाग लाभला नाहीं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ सालच्या पटाची झाली. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनीं हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर राहून एका एस्किमो शिकाऱ्याचें जीवन चित्रित केलें. बर्फाचें घर बांधण्याचा त्यांतील प्रसंग आजहि डोळ्यांचें पारणें फेडतो. भिंतींत पारदर्शक बर्फाची खिडकी बसवून आंत उजेड कसा घेतला जातो, हें पाहतांना लहान मूल आणि वृद्ध सारखेच रमतात. परंतु नायकाचें खरें नांव नानूक नव्हे, अल्लाकारिअल्लाक असें होतें. पटांतील बायको त्याची बायको नव्हती. त्या भागांत बंदुका आल्या होत्या, तरी पटांत शिकार भाल्यानेंच करविली. ज्या बर्फाच्या घरांत कुटुंब उठतांना-निजतांना दिसतें त्याची एक बाजू उजेडासाठीं उघडी ठेवलेली होती. ग्रामोफोन प्रथमच पाहत असल्यासारखें करून तो तबकडीस दांत लावून पाहतो, तेंहि ठरवून केलेलें.

इतकें करूनहि फ्लॅहर्टी यांस लबाड म्हणणें अन्यायाचें होईल. आजोबांच्या वेळची रीत नातवाकडून करवून दाखविली, असा तो प्रकार आहे. दोष एवढाच कीं, तो नातू आहे हें सांगितलें नाहीं. खटकतें तें निराळेंच. चित्रीकरणानंतर थोड्याच काळांत तो शिकारी वारला. तो उपासमारीनें मेला असें जगभर प्रसिद्ध झालें आणि पटांतील कठोर निसर्गाशीं तें जुळलेंहि. पुढील अभ्यासकांच्या मतें त्याचा मृत्यु बहुधा रोगानें, क्षयानें, झाला असावा. म्हणजे त्याचें मरणहि पटास शोभेल असेंच रंगविलें गेलें. १९९० सालीं क्लोद मासो या फ्रेंच दिग्दर्शकानें त्याच गांवीं जाऊन 'नानूक रिव्हिजिटेड' हा पट केला. त्यांत गांवांतील मंडळी जुना पट पाहतात, कोठें कोठें सोंग आहे तें सांगतात आणि कित्येक ठिकाणीं पोट धरून हंसतात. अडुसष्ट वर्षांनीं त्यांस बोलण्याची पाळी मिळाली.

हा दुसरा भाग इतका उशीरा न करतां नेमानें करावयाचा, असा एक विलक्षण उद्योग इंग्लंडांत झाला. १९६४ सालीं ग्रॅनडा टेलिव्हिजननें सात वर्षांच्या चौदा मुलांस, दहा मुलगे व चार मुली यांस, कॅमेऱ्यापुढें बसवून बोलतें केलें. कांहीं श्रीमंतांचीं, कांहीं कष्टकऱ्यांचीं. जन्मतः मिळालेली पायरी मनुष्यास पुढें सुटते कीं नाहीं, हें दाखविण्याचा हेतु होता. पहिला भाग पॉल आल्मंड यांनीं दिग्दर्शित केला. मुलें शोधण्याच्या कामीं मायकेल ॲप्टेड हे तरुण होते. पुढील सर्व भाग त्यांनीं केले, दर सात वर्षांनीं एक. नववा भाग '६३ अप' हा २०१९ सालीं निघाला.

या मालिकेंतील सर्वांत हृदयद्रावक मुलगा नील. सात वर्षांचा असतांना तो लिव्हरपूलच्या एका उपनगरांत रस्त्यानें उड्या मारीत चालला आहे; अंतराळवीर व्हावें, तें न जमल्यास लोकांस स्थळें दाखविणारी मोटार हांकावी, असा त्याचा बेत. एकविसाव्या वर्षीं तो विश्वविद्यालय सोडून लंडनांत बिनभाड्याच्या घरांत राहतो आणि बांधकामावर मजुरी करतो. अठ्ठाविसाव्या वर्षीं स्कॉटलंडांत निराधार हिंडत असतो. भयपटांत कितीहि किंकाळ्या असोत, त्या भागांत पाण्याच्या कांठीं अंग डोलवीत बोलणाऱ्या या तरुणाकडे पाहतांना अंगावर जो कांटा येतो तो त्यांच्यानें येत नाहीं. बेचाळिसाव्या वर्षीं मात्र तो लंडनच्या एका भागांत लोकनियुक्त सभासद झालेला आहे. आणि मध्यंतरीं त्यास घरांत आसरा देणारा ब्रूस हा त्याच मालिकेंतला मुलगा, गरिबांच्या वस्तींत गणित शिकविणारा मास्तर. ही भेट कोणा लेखकानें योजिली असती तर ओढूनताणून आणली असें म्हटलें गेलें असतें.

आणखी एक प्रसंग चित्रपट काढणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावा असा आहे. पूर्व लंडनचा टोनी एकविसाव्या वर्षीं शर्यतीच्या घोड्यांचा नाद सोडून टॅक्सीच्या परवान्यामागें लागला होता. हा गुन्हेगार होणार अशी ॲप्टेड यांची समजूत झाली, म्हणून त्याच्याकडून मोटार चालवून घेत त्यांनीं त्या भागांतील बदनाम जागा अगोदरच टिपून ठेवल्या. तो तुरुंगांत गेल्यावर उपयोगीं पडतील म्हणून. टोनी टॅक्सी चालवीत राहिला, संसार केला, घर बांधलें. ॲप्टेड यांनीं ही चूक पुढें उघडपणें कबूल केली. आणि ४९ व्या वर्षींच्या भागांत जॅकी या स्त्रीनें, आपणांस सतत भलतेच प्रश्न विचारले, असें त्यांस तोंडावर सुनावलें. तें त्यांनीं कापून न टाकतां पटांत ठेवलें. फ्रँकेन्स्टाइनच्या निर्मितीस आपल्या निर्मात्यास जाब विचारण्यासाठीं दुसरा भाग काढावा लागला होता. येथें सातवा.

ज्यांस नऊहि भाग पाहण्यास सवड नाहीं, त्यांनीं पहिला, चौथा आणि नववा पाहावा. पहिल्यांत यॉर्कशायरच्या डोंगरांतील शेतकऱ्याचा निक नांवाचा लाजाळू मुलगा आहे. त्याच्या लहानशा खेड्यांत त्याच्या वयाचें दुसरें मूल नव्हतें. तो पुढें अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें विद्युत् अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला. नवव्या भागांत तो कर्करोगानें क्षीण झालेला दिसतो आणि कांहींहि न झांकतां आपल्या दुखण्याविषयीं बोलतो. त्यास प्रश्न विचारणारा आवाज ॲप्टेड यांचाच आहे, आतां म्हातारा झालेला. ॲप्टेड २०२१ च्या जानेवारींत वारले, निक २०२३ सालीं.