मुराळ्यावाचून माहेर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला 'एकटीचा प्रवास'. सांगवीहून मोटार हाकत मी एकटी मराठवाड्यात माहेरी जाऊन आले, ही बातमी माझ्याआधी मंडळात पोचली, त्याचा हा परिणाम! यात पराक्रम काही नाही. सुमारे तीनशे किलोमीटरांची वाट, तीही बहुतेक सपाट. पण त्या वाटेविषयी चार गोष्टी तुमच्या कानांवर घालाव्यात असे मला वाटते.

पूर्वी लेकीला माहेरी न्यायला मुराळी येत असे. पंचमी आली, दिवाळी आली की भाऊ गाडी जुंपून येई. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी त्याची वाट पाहत किती ओव्या गायल्या त्याची गणती नाही. रीत मायेची खरी, पण तिच्यात एक मेख होती. मुराळी आला तर माहेर, नाही आला तर नाही. आता बैलगाड्या गेल्या, भाऊही पोटामागे परगावी गेले. मेख मात्र जागच्या जागी आहे. 'यांना सुट्टी मिळाली की जाऊ', 'मुलाची परीक्षा आटोपली की तो सोडील', हे आपलेच बोल नाहीत का? सांगवी-पिंपळे गुरवच्या वस्तीत कारखान्यांच्या नोकरीपायी सोलापूर, धाराशिव, बीड, लातूरकडून आलेली घरे पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या बायकांना मी काय म्हणते ते निराळे समजावून सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी माझे वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला. मोटार दारात उभी होती; चालवणारे दोघेही कामावर. मी पिशवी घेऊन बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. रात्रीची गाडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात माणसे जमली होती. यात दोष कोणाचाच नव्हता. परंतु दिवसकार्य उरकून परत आल्यावर मी वाहन शिकवणाऱ्या शाळेत नाव घातले. तेव्हा माझे वय एक्कावन्न होते.

एक हकीकत तुम्हांला सांगितलीच पाहिजे. मोटारीतून लांबचा प्रवास जगात पहिल्यांदा कोणी केला, ठाऊक आहे? एका बाईने, आणि तोही माहेरी जाण्यासाठी! १८८८ च्या ऑगस्टात जर्मनीतील बेर्टा बेंझ ही बाई, नवरा झोपेत असताना, त्याने बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. शंभरावर किलोमीटरांची वाट, तीही बैलगाडी-घोडागाडीची. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचा ठोकळा झिजला, त्यावर मोच्याकडून चामडे ठोकून घेतले. पेट्रोल पंप अजून जन्माला यायचे होते. तिने इंधन घेतले औषधाच्या दुकानातून. त्या फेरीनंतर लोकांचा मोटारीवर विश्वास बसू लागला. आणि इतके लांब कशाला जायचे? परभणीहून आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली आपल्या पुण्यातच रिक्षा चालवायला घेतली होती.

आता माझी वाट. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पहाटे पाचला निघाले. औंध, खडकी, हडपसर करीत उजाडता उजाडता सोलापूर रस्त्याला लागले. यवत, पाटस मागे पडले आणि डोंगर दूर सरले. मग जिकडे पाहावे तिकडे आभाळच आभाळ! भिगवणपासून पुढे डाव्या हाताला उजनीचे पाणी लागते. हे धरण १९८० साली पुरे झाले. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. पाणी पाहून माझ्या मनात आले, हे तर आपल्या ओळखीचे! आपली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत येते. सांगवीचे पाणी माझ्याआधी तिथे पोचून बसले होते.

भीमानगरच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि टेंभुर्णीला मोठा रस्ता सोडून कुर्डुवाडीची वाट धरली. या वाटेने पूर्वी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावत असे. १८९७ साली ती बार्शीला आली, १९११ साली लातूरला पोचली. माझी आजी त्या गाडीला 'आपली गाडी' म्हणे. आता तिथे रुंद रूळ आहेत. दोन्ही बाजूंना काळी रानं, त्यांत डोक्याएवढी शाळू ज्वारी, मधूनच खडकाळ माळ. याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले.

बार्शीच्या पुढे बांधावर एक म्हातारी हुरडा विकीत बसली होती. मी थांबले. तिने आधी मोटारीत डोकावून मागची बैठक नीट पाहून घेतली.

"मालक कुठं हायेत?"

"पुण्याला, कामावर."

"मग गाडी कुणी आणली?"

"मीच."

"एकलीनंच? आन् चाललीस कुठं?"

"माहेरी, मुरूडच्या पुढं."

ती जरा थांबली आणि म्हणाली, "लई ब्येस केलंस माय. माझी लेक हडपसरला दिलीया. तिला सांगते." हुरड्याबरोबर लसणाच्या चटणीची पुडीही तिने दिली, आणि पैसे काही केल्या घेईना. माहेरवाशिणीकडून घेत नाहीत, म्हणाली.

येडशीला बालाघाटाची रांग लागते. तिच्या अलीकडचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते, पलीकडचे तेरणा-मांजरेतून गोदावरीला. सासर कृष्णेच्या पोटात नि माहेर गोदेच्या, हे मला त्या दिवशी नकाशा उघडून पाहिल्यावर कळले. ढोकी मागे टाकली आणि दुपारी दोनच्या सुमारास घरी पोचले.

ज्या निघणार असतील त्यांच्यासाठी थोडे कामाचे. पहाटे निघावे आणि दिवस मावळायच्या आत पोचावे. गळिताच्या दिवसांत उसाच्या जोडट्रॉल्या अंधारात दिसत नाहीत. पुष्कळांना मागे दिवा नसतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून तिच्यावरचा रस्ता लाटा घेतो. तिथे वेग आवरावा. निघण्यापूर्वी जादा चाकाचीही हवा पाहावी आणि ते बदलायला दारातच एकदा शिकून घ्यावे. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांना पैसे पडत नाहीत. संकोच न करता विचारावे. अडचणीला ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक ध्यानात ठेवावेत.

घरी पोचल्यावर आईने नेहमीचा प्रश्न विचारला, "किती दिवसांची आलीस?" आजवर याचे उत्तर मला परत कोण नेणार त्यावर ठरत असे. या खेपेस मी म्हणाले, "तुझे डोळे होईपर्यंत." मोतीबिंदू दोन वर्षे 'नेणारे कोणी नाही' म्हणून तसाच राहिला होता. तिला मी लातूरला नेले, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पट्टी सुटली. तिसऱ्या दिवशी ती स्वतः ज्वारी निवडायला बसली आणि मी आणलेल्या सांगवीच्या तांदळात खडे किती आहेत ते तिने मला मोजून दाखवले! दुसऱ्या डोळ्यासाठी चैत्रात जायचे आहे.

आपल्यापैकी कित्येकींचे वाहन परवाने कपाटात साडीच्या घडीखाली पडून आहेत, हे मला हळदीकुंकवाच्या गप्पांतून समजले आहे. ते बाहेर काढा. रविवारी सकाळी सहाला रस्ते मोकळे असतात. त्या वेळी मी शेजारी बसायला येईन. प्रथम औंधच्या पुलापर्यंत, मग हडपसरपर्यंत, मग जिचे माहेर जिथे असेल तिथपर्यंत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.