मोटारीचे दिवे बदलतांना

सूर्यास्तानंतर मोटार चालविणाऱ्या माणसाचें सारें जग त्याच्या गाडीपुढें पडणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्याएवढेंच असतें. त्या पट्ट्यांत जें येईल तें त्याला दिसतें; बाहेरचें दिसत नाहीं. म्हणून हा पट्टा अधिक लांब, अधिक रुंद आणि अधिक शुभ्र असावा असें प्रत्येकाला वाटतें, व तें स्वाभाविकच आहे. ही इच्छा पुरी करणारी वस्तु आज बाजारांत सहज मिळते. जुना हॅलोजन बल्ब काढावा, त्याच्या जागीं त्याच बैठकीचा एल. ई. डी. दिवा बसवावा, कीं थोडक्या वेळांत काम होतें आणि घरासमोरची भिंत एकदम पांढरीशुभ्र दिसूं लागते. मालक संतुष्ट होतो. परंतु भिंत उजळणें आणि रस्ता दिसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. या दोहोंमध्यें अंतर कोणतें, आणि तें कोणाच्या जिवावर बेततें, याचा विचार दुकानाच्या दारांत बहुधा होत नाहीं. तो स्वस्थपणें घरीं बसून करणें बरें.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत तिच्यापुढें कार्बाइडच्या वायूचे दिवे जळत असत. पुढें विजेचे दिवे आले, प्रकाश वाढला, आणि त्याबरोबरच समोरून येणाऱ्याचे डोळे दिपण्याची तक्रारहि सुरू झाली. तिच्यावर उपाय म्हणून १९२५ च्या सुमारास एकाच कांचेंत दोन तंतु बसविलेला बल्ब युरोपांत प्रचारांत आला. एक तंतु लांबच्या प्रकाशासाठीं आणि दुसरा खालीं वळविलेल्या प्रकाशासाठीं. १९६२ पासून युरोपांतील मोटारींत हॅलोजन वायूचा बल्ब आला, व १९७१ सालीं दोन तंतूंचा 'एच-४' बल्ब निघाला. हिंदुस्थानांतील असंख्य मोटारी व मालमोटारी वर्षानुवर्षें ह्याच बल्बावर चालल्या. १९९१ सालीं एका जर्मन मोटारींत झेनॉन वायूचा दिवा दिसला, आणि २००७ सालीं एका जपानी मोटारीच्या खालच्या प्रकाशासाठीं एल. ई. डी. वापरण्यांत आला. या साऱ्या इतिहासांत एक सूत्र आढळतें. ज्योत बदलली कीं आरसा अथवा भिंग हींहि तिच्याबरोबर नव्यानें आंखलीं गेलीं. जुन्या घरांत नवी ज्योत नुसती नेऊन ठेवावी, असें ह्या शास्त्रज्ञांपैकीं कोणी केलें नाहीं.

असें कां, हें समजण्यासाठीं एच-४ बल्ब एकदां हातांत घेऊन पाहावा. बारा व्होल्टच्या ह्या बल्बांत वरच्या प्रकाशाचा तंतु साठ वॅटचा व खालच्या प्रकाशाचा पंचावन्न वॅटचा असतो. प्रत्येक तंतूची लांबी अवघी पांच-सहा मिलिमीटर. खालच्या प्रकाशाच्या तंतूखालीं पत्र्याची एक चिमुकली वाटी बसविलेली असते. ती शोभेची नव्हे. तिच्यामुळें तंतूचा प्रकाश आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर पडूं शकत नाहीं. फक्त वरच्या भागावर पडतो व तेथून खालीं, रस्त्याकडे परावर्तित होतो. ती वाटी नसती तर आरशाचा खालचा भाग तोच प्रकाश वर, समोरच्याच्या तोंडावर फेंकता. मेकॅनिक लोक ज्याला 'डिपर' म्हणतात, त्याचें सारें रहस्य ह्या वाटींत आणि तंतूच्या जागेंत आहे.

जागेचें महत्त्व किती, हें साध्या त्रैराशिकानें कळतें. आरशाच्या पाठीपासून त्याच्या केंद्रबिंदूपर्यंतचें अंतर सोईसाठीं पंचवीस मिलिमीटर धरूं. ज्योत त्या बिंदूपासून एक मिलिमीटर खालीं सरकली तर परावर्तित किरण पंचवीसांत एक, म्हणजे शंभरांत चार, इतका वर वळतो. आतां खालचा प्रकाश सामान्यतः शंभरांत एक इतकाच खालीं वळविलेला असतो. दहा मीटरांवर दहा सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर उंच असला तर अशा प्रकाशाची वरची कड सत्तर मीटरांवर रस्त्याला टेंकते. ज्योत एका मिलिमीटरानें ढळली कीं हिशेब उलटतो. शंभरांत एक खालीं जाण्याऐवजीं प्रकाश शंभरांत तीन वर चढतो, आणि तीस मीटरांवर तो जमिनीपासून एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीवर पोंचतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जवळजवळ त्याच उंचीवर असतात. हिशेब ढोबळ आहे, परंतु एका मिलिमीटराची किंमत त्यांतून स्पष्ट होते.

तंतु ही एक बारीक, गोल, सर्व दिशांनीं सारखी तेजाळणारी रेषा असते. एल. ई. डी. चे तुकडे चपटे असून एकाच बाजूला प्रकाश देतात. म्हणून ते एका धातूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांस चिकटवितात. पट्टीला जाडी असते, आणि तेवढी ज्योत मूळ रेषेपासून दोहीं बाजूंस दूर जाते. चांगले कारागीर पट्टी शक्य तितकी पातळ करतात व वाटीची नक्कलहि करतात. तरीहि आरसा आंखला गेला तो तंतूसाठीं, व त्याला मिळते ती दुसरीच ज्योत. शिवाय बैठकींत पट्टी थोडी फिरून बसली तर प्रकाशाचे कांहीं भाग काळे राहतात, कांहीं भडक होतात. ह्यांत एल. ई. डी. चा दोष नाहीं. ज्या मोटारींत कारखान्यांतूनच एल. ई. डी. चे दिवे त्यांच्या स्वतःच्या भिंगांसह येतात, त्यांचा प्रकाश उत्तम असतो, वीज कमी लागते व आयुष्यहि मोठें असतें. दोष आहे तो एकाचें अंतःकरण दुसऱ्याच्या देहांत बसविण्याचा.

मग मालकाला प्रकाश वाढल्यासारखा कां वाटतो? कारण डोळा फसतो. अस्ताव्यस्त झालेल्या प्रकाशाचा मोठा भाग गाडीच्या नाकापुढील दहा-पंधरा मीटरांवर पडतो. तेवढा रस्ता लख्ख दिसतो, परंतु त्या लख्खपणामुळें डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरचा अंधार अधिकच दाट होतो. ताशी साठ किलोमीटरच्या वेगानें जाणारी मोटार सेकंदाला सुमारें सतरा मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर पंचवीस मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत आणखी सुमारें तेवढेच. म्हणजे गाडी थांबावयास जवळजवळ पन्नास मीटर लागतात. प्रकाश उपयोगी पडतो तो तेथें, पायांजवळ नव्हे.

दुसरी फसवणूक रंगाची. हॅलोजनचा प्रकाश पिंवळसर, तर बाजारी एल. ई. डी. चा पुष्कळदां निळसर पांढरा. निळ्या छटेचा प्रकाश डोळ्यांत अधिक विखुरतो व अधिक टोंचतो; विशेषतः वृद्धांच्या डोळ्यांस, ज्यांतील भिंग वयामुळें धूसर होऊं लागलेलें असतें. धुक्यांत व पावसांत रंगापेक्षां प्रकाशाची दिशा महत्त्वाची. खंडाळ्याच्या घाटांत आषाढांतल्या धुक्यांतून जातांना वर फेंकला गेलेला प्रकाश पाण्याच्या थेंबांवरून परत चालकाच्याच डोळ्यांत येतो, आणि पुढें एक पांढरी भिंत उभी राहते.

परंतु खरा प्रश्न गाडींतल्या माणसाचा नव्हे, समोरच्या माणसाचा आहे. डोळे दिपल्यावर पूर्ववत् दिसूं लागण्यास कांहीं सेकंद लागतात. तीन सेकंद धरले तरी साठच्या वेगानें येणारी समोरची गाडी तेवढ्या वेळांत पन्नास मीटर आंधळेपणानें चालून जाते. त्या पन्नास मीटरांत कोण असूं शकेल? पश्चिम महाराष्ट्रांत हंगामाच्या दिवसांत साखर कारखान्याकडे जाणारी उसाची बैलगाडी असूं शकेल, जिच्या मागें ना दिवा ना चकाकणारी पट्टी. पंढरीच्या वाटेवरील दिंडीपासून मागें राहिलेला एखादा वारकरी असूं शकेल. दुसऱ्या पाळीवरून सायकलीनें घरीं परतणारा गिरणींतला कामगार असूं शकेल. ज्यानें दिवा बदलला त्याला ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याची गाडी सुखरूप निघून जाते, आणि अपघात झालाच तर तो मागें, दुसऱ्याच्या हातून होतो. पैसे एकानें मोजावे व त्याची किंमत भलत्यानेंच द्यावी, असा हा व्यवहार आहे.

कांहीं लोक एल. ई. डी. ऐवजीं अधिक वॅटचा हॅलोजन बल्ब बसवितात. त्यांत जागेचा प्रश्न येत नाहीं, पण उष्णतेचा येतो. बारा व्होल्टवर साठ वॅटचा बल्ब पांच अँपिअर वीज ओढतो. शंभर वॅटचा आठांहून अधिक. तारेंत निर्माण होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यानें ती सुमारें पावणेतीनपट होते. मूळ तारा, बटण व बल्बाची बैठक एवढ्यासाठीं केलेलीं नसतात. तीं वितळूं लागतात. शिवाय जास्त प्रखर दिवा तितकाच जास्त डोळ्यांतहि जातो. एल. ई. डी. वीज थोडी घेतो खरा, परंतु त्याची उष्णता पुढें न जातां मागें साठते. म्हणून त्याच्या पाठीशीं पंखा अथवा धातूचे पाख असतात, ते दिव्याच्या मागील रबरी झांकणांत मावत नाहींत, झांकण उघडें राहतें, व धूळ आणि पावसाचें पाणी आरशापर्यंत पोंचतें.

कायद्यानें ह्या गोष्टीचा विचार केला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो कीं, पुढील दिवा कायमचा खालीं वळविलेला असावा किंवा चालकाला तो खालीं वळवितां यावा; आणि खालीं वळविल्यावर दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाला त्यानें दिपवूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्यास मनाई करतें, व जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें कलम काटेकोरपणें लावलें. इंग्लंडमध्यें १९८६ च्या एप्रिलनंतरच्या मोटारींत हॅलोजनच्या घरांत एल. ई. डी. बसविलेला आढळल्यास २०२१ पासून वार्षिक तपासणींत ती नापास करावी असा नियम झाला. जर्मनींत मात्र २०२० सालीं एका एल. ई. डी. बल्बाला परवानगी मिळाली. पण ती सरसकट नव्हे. ज्या ज्या मोटारीच्या दिव्यांत तो प्रत्यक्ष मोजून पाहिला, त्या मोटारींची यादी करून तेवढ्यांपुरतीच ती दिली गेली. अदलाबदल सर्वस्वीं अशक्य नाहीं, पण प्रत्येक आरशाशीं ती ताडून पाहावी लागते, हाच त्याचा अर्थ.

तर मग मंद दिव्यांवरच समाधान मानावें काय? तसेंहि नाहीं. दिवे मंद होण्याचीं कारणें बहुधा साधीं असतात, व त्यांचे उपाय स्वस्त आहेत. पहिलें कारण दिव्याचें पुढचें आवरण. हल्लीं तें कांचेचें नसून प्लॅस्टिकचें असतें. उन्हानें पिंवळें व धुरकट होतें. तें घासून, पॉलिश करून घेतल्यानें कित्येकदां नव्या बल्बाइतका फरक पडतो. दुसरें कारण विजेची गळती. जुन्या गाडींत बॅटरीची वीज लांब बारीक तारांतून आणि झिजलेल्या बटणांतून दिव्यापर्यंत जाते व वाटेंत तिचा दाब घटतो. हॅलोजनचा दाब शेंकडा दहा उतरला कीं प्रकाश सुमारें शेंकडा तीस उतरतो. जाणत्या वायरमनकडून जाड तारा व रिले बसवून घेतल्यास तोच साठ-पंचावन्न वॅटचा बल्ब पूर्ण तेजानें जळूं लागतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांना कांहीं त्रास होत नाहीं. बल्ब म्हातारा झाला असेल तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. नव्याच्या कांचेला बोट लावूं नये, कारण बोटाचा तेलकटपणा तेथें तापून कांच तडकते.

तिसरें कारण दिव्याचा रोख. सपाट जागीं भिंतीपासून पांच मीटरांवर गाडी उभी करावी. टायरांत हवा ठीक असावी व चालकाच्या जागीं कोणी बसावें. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनें आंखावी, आणि खालच्या प्रकाशाची कड त्या रेघेच्या पांच सेंटिमीटर खालीं येते कीं नाहीं तें पाहावें. डावीकडे ती कड थोडी वर उचललेली असते. ती रस्त्याच्या डाव्या कडेवरील माणसें दिसावींत म्हणून. कड नीट नसेल तर दिव्यामागील स्क्रूनें ती जाग्यावर येते. मागच्या बाजूस सामान अथवा माणसें भरलीं कीं गाडीचें नाक वर होतें. ज्या मोटारींत दिवे खालीं-वर करण्याची चकती असते, तेथें ती अशा वेळीं फिरवावी.

इतकें करूनहि ज्याला एल. ई. डी. च हवा, त्यानें आपल्या मोटारीसाठीं कारखान्यानें मान्य केलेली संपूर्ण असेंब्लीच घ्यावी, नुसता बल्ब नव्हे. आणि कोणताहि बदल केल्यावर, घरीं परतण्यापूर्वीं, दिवा खालीं वळवून घरांतल्या वडील माणसाला तीस मीटरांवर समोर उभें करावें. त्यांनीं डोळ्यांपुढें हात धरला तर जुना बल्ब दुकानांतच परत बसवून घ्यावा.